ग्योर्लिट्झ–झ्गोझेलेत्स: नदीकाठच्या सीमावर्ती जोडशहरात शनिवार-रविवार कसा आखावा

जर्मनीच्या अगदी पूर्व टोकाला, झाक्सन राज्यात, नायसे नदीच्या डाव्या तीरावर ग्योर्लिट्झ वसलेले आहे आणि उजव्या तीरावर पोलंडचे झ्गोझेलेत्स आहे. १९४५ पर्यंत हे एकच शहर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ओडर आणि नायसे या नद्या दोन देशांमधली सीमा ठरल्या, तेव्हा पूर्वेकडचा भाग पोलंडकडे गेला. जुन्या गावाचा गाभा जर्मन बाजूला राहिला आणि त्याची युद्धात फारशी हानी झाली नव्हती, म्हणून आज तेथे गॉथिक काळापासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंतच्या सुमारे ४,००० संरक्षित वास्तू एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. जर्मनीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना दोन दिवसांची मोकळीक मिळाली, की बहुतेकांच्या मनात प्राग किंवा व्हिएन्ना येते. ज्यांना गर्दी नको आहे आणि एका मुक्कामात दोन देश पायी पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी हे शहर अधिक सोयीचे आहे.

मात्र दोन दिवसांचा क्रम चुकला, तर यातला बराच आनंद हातचा जातो. दोन्ही देशांमध्ये रविवारी दुकाने बंद असतात, दोन्हीकडचे चलन वेगळे आहे आणि मधला पूल पायी दोन मिनिटांचा असला, तरी तो आंतरराष्ट्रीय सीमा आहे. त्यामुळे आखणीचा पहिला नियम असा, की ज्या गोष्टींना उघडण्या-मिटण्याच्या वेळा आहेत त्या सर्व शनिवारी उरकाव्यात आणि नदी, टेकडी, दुसरा तीर, निवांत भटकंती हे सगळे रविवारसाठी राखून ठेवावे.

आधी कागदपत्रे

जर्मनी आणि पोलंड दोन्ही शेंगेन क्षेत्रात आहेत. पोलंड २१ डिसेंबर २००७ रोजी त्यात सामील झाला आणि तेव्हापासून या पुलावरची नेहमीची तपासणी संपली. भारतातून शेंगेन व्हिसावर येणाऱ्या पर्यटकाला पूल ओलांडण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तरी चालते, कारण ही शेंगेनच्या आतली सीमा आहे. अर्ज मात्र ज्या देशात जास्त दिवस मुक्काम असेल त्या देशाकडे करावा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी या व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे.

तपासणी संपली असे वर म्हटले, त्याला एक पुरवणी जोडावी लागते. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून पोलंडच्या सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि पोलंडनेही जुलै २०२५ मध्ये आपल्या बाजूने तेच केले. अशा तपासण्यांची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून निघण्यापूर्वी सद्यस्थिती पाहून घ्यावी. पण ती चालू असो वा नसो, पूल ओलांडताना मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा जर्मनीचे रहिवास परवाना कार्ड खिशात असलेच पाहिजे. पासपोर्टचा मोबाइलमधला फोटो येथे उपयोगी पडत नाही. पोलिसाने थांबवले आणि पासपोर्ट मात्र हॉटेलच्या खोलीत आहे, अशा वेळी केवळ जेवायला पलीकडे गेलो होतो हे उत्तर पुरेसे ठरत नाही. ज्यांच्या परवान्याचे नूतनीकरण चालू आहे आणि हातात फक्त तात्पुरते प्रमाणपत्र आहे, त्यांनी दुसऱ्या देशात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात स्पष्ट विचारून घ्यावे.

कोणत्या महिन्यात जावे

मे ते सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवसभर संग्रहालये पाहूनही संध्याकाळ नदीकाठासाठी उरते. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, पण त्या महिन्यात जुन्या चौकात नाताळचा बाजार भरतो आणि दिव्यांच्या उजेडात दगडी कमानी फार देखण्या दिसतात. ऑगस्टच्या अखेरच्या शनिवार-रविवारी ग्योर्लिट्झमध्ये जुन्या शहराचा उत्सव असतो आणि त्याच वेळी पलीकडच्या तीरावर ‘याकुबी’ हा उत्सव चालतो. त्या दिवसांत दोन्ही काठांवर जत्रेचे वातावरण असते. ज्यांना ते हवे आहे त्यांनी खोली काही महिने आधी धरावी आणि ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी तो आठवडा टाळावा.

नदीकाठच्या शहरात पावसाचाही विचार करावा लागतो. एरवी नायसे ही अरुंद आणि शांत नदी आहे. मात्र ऑगस्ट २०१० मध्ये वरच्या अंगाला असलेले एक धरण फुटले आणि दोन्ही शहरांच्या सखल भागांत पाणी शिरले. सलग काही दिवस जोराचा पाऊस झाला असेल, तर नदीकाठच्या सायकलमार्गाची स्थिती विचारूनच बेत ठरवावा.

कसे पोहोचावे

ड्रेस्डेनहून थेट प्रादेशिक गाडी मिळते आणि प्रवासाला सव्वा ते दीड तास लागतो. बर्लिनहून कॉटबुसला गाडी बदलावी लागते आणि एकूण अडीच तासांच्या आसपास वेळ धरावा. पोलंडमधून येणाऱ्यांसाठी व्रोत्सवाफ हे जवळचे मोठे शहर आहे. ज्यांच्याकडे ‘डॉइचलांड-टिकेट’ हा मासिक पास आहे, त्यांना जर्मनीतल्या प्रादेशिक गाड्यांसाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही, पण वेगवान आंतरशहरी गाड्यांना तो चालत नाही. ड्रेस्डेन किंवा लाइपझिगहून चार-पाच जण मिळून येणार असतील, तर ‘झाक्सन-टिकेट’ हे एका दिवसाचे सामूहिक तिकीट पाहावे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर वापरण्याची जी अट आहे, ती शनिवार-रविवारी लागू नसते.

शनिवार-रविवारी जर्मन रेल्वेमार्गांवर दुरुस्तीची कामे काढली जातात आणि काही टप्प्यांवर गाडीऐवजी बस धावते. म्हणून वेळापत्रक महिनाभर आधी पाहिलेले असले, तरी आदल्या संध्याकाळी पुन्हा पाहावे. शुक्रवारी रात्रीच पोहोचणे शक्य असेल, तर जरूर तसे करावे. शनिवारची सकाळ प्रवासात गेली, की दोन दिवसांचा प्रत्यक्षात दीड दिवस होतो.

स्वतःच्या किंवा भाड्याच्या मोटारीने येणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भाड्याची गाडी पोलंडमध्ये नेण्यास कंपनीची परवानगी आहे का, हे करारात पाहावे. पोलंडमध्ये दिवसाढवळ्याही गाडीचे पुढचे दिवे चालू ठेवणे बंधनकारक आहे. मद्याच्या बाबतीतही फरक आहे. जर्मनीत सर्वसाधारण चालकासाठी रक्तातील अल्कोहोलची मर्यादा दर हजारी ०.५ असते, तर पोलंडमध्ये ती ०.२ आहे, म्हणजे जवळपास शून्यच. खरे तर शहरात आल्यावर गाडी एका जागी उभी करून विसरून जावे, कारण जुने शहर पायीच पाहण्यासारखे आहे.

मुक्काम कोणत्या तीरावर

पोलिश बाजूला खोल्या सहसा स्वस्त मिळतात आणि जर्मन बाजूला जुन्या शहराच्या मधोमध राहता येते. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने ग्योर्लिट्झमध्ये, उंटरमार्क्ट या चौकाच्या आसपास राहावे. पहाटे आणि रात्री उशिरा हा चौक जवळजवळ निर्मनुष्य असतो आणि तो तसाच पाहायला हवा. स्थानकापासून तो साधारण दीड किलोमीटरवर, म्हणजे वीस मिनिटांच्या चालीवर आहे. वाट शेवटी दगडी फरशीची होते, त्यामुळे चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची पिशवी बरी. लहान अतिथीगृहांमध्ये रात्रभर स्वागतकक्ष उघडा नसतो, म्हणून उशिरा पोहोचणार असाल तर किल्ली कशी मिळेल ते आधीच लिहून विचारावे. जुन्या घरांना बहुधा लिफ्ट नसते, वयस्कर आई-वडील सोबत असतील तर कोणता मजला आहे हेही विचारून घ्यावे.

पैसे, फोन, सामान

जर्मन बाजूला युरो आणि पोलिश बाजूला झ्वॉटी चालतो. सीमेजवळची काही पोलिश दुकाने युरो घेतात, पण दर त्यांच्या सोयीचा असतो. पोलंडमध्ये अगदी लहान खरेदीलाही कार्ड चालते, उलट जर्मन बाजूच्या काही छोट्या उपाहारगृहांत अजून रोखच मागतात, म्हणून थोडे युरो जवळ असावेत. पोलंडमध्ये कार्डाच्या यंत्रावर किंवा एटीएमवर ‘युरोमध्ये की झ्वॉटीमध्ये’ असा प्रश्न आला, तर नेहमी झ्वॉटी निवडावा. युरो किंवा रुपये निवडले, की रूपांतराचा दर ते यंत्र ठरवते आणि तो हमखास महाग पडतो. युरोपीय संघातील सिमकार्डाला २०१७ पासून दोन्ही देशांत जादा रोमिंग शुल्क नाही. भारतीय सिमवर असाल, तर घेतलेल्या पॅकमध्ये दोन्ही देशांची नावे आहेत ना हे तपासावे, कारण नदीकाठी फोन एका देशाचे जाळे सोडून दुसऱ्याचे पकडत राहतो. आपत्कालीन क्रमांक दोन्हीकडे ११२ हाच आहे.

शनिवार: जर्मन बाजू

सकाळी स्थानकापासूनच पायी सुरुवात करावी. बर्लिनर श्ट्रासे या रस्त्याने पोस्टप्लाट्झ आणि पुढे मारिएनप्लाट्झ लागतो. येथे १९१३ साली बांधलेल्या भव्य डिपार्टमेंट स्टोअरची इमारत आहे. काचेचे छत आणि मधोमध उतरणारे जिने यांसाठी ती प्रसिद्ध आहे. इतकी जुनी घरे अखंड उभी असल्याने या शहरात चित्रपटांचे चित्रीकरण वारंवार होते आणि एखादी गल्ली दोन दिवसांसाठी बंद असणे ही येथे नवलाची गोष्ट नाही.

तेथून ओबरमार्क्टकडे जावे. चौकाच्या एका बाजूला त्रैक्य चर्च आहे आणि त्याच्या बारीक मनोऱ्याला लोक ‘म्योन्श’ म्हणतात. या मनोऱ्यावरचे घड्याळ सात मिनिटे पुढे असते. त्यामागची कथा १५२७ सालातली आहे. नगरपरिषदेविरुद्ध कट करणारे विणकर मध्यरात्रीच्या पहारेकऱ्यांच्या फेरीआधी पांगत असत. ते कळल्यावर घड्याळ मुद्दाम पुढे केले गेले आणि वेळेच्या भरवशावर बाहेर पडलेले कटवाले आयतेच पहारेकऱ्यांच्या हाती सापडले, असे सांगतात. शेजारच्या गल्लीला आजही देशद्रोह्यांची गल्ली असे नाव आहे. गाडी पकडायची असेल तर या घड्याळावर विसंबू नये, इतकाच त्याचा व्यावहारिक अर्थ. घाई मात्र नक्की होईल.

उंटरमार्क्ट हा शहराचा खरा गाभा आहे. चौकातल्या १५२६ च्या ‘श्योनहोफ’ या प्रबोधनकालीन घरात सायलेशिया या जुन्या प्रदेशाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. ग्योर्लिट्झ नेमके कोणत्या प्रदेशाचे, हा येथल्या माणसांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे आणि तो समजून घ्यायचा असेल तर या संग्रहालयाला दोन तास द्यावेत. समोरच नगरभवनाचा वळणदार दगडी जिना आणि त्यावरची न्यायदेवता आहे. ती पाहून चौकाच्या बाविसाव्या क्रमांकाच्या घराच्या दारापाशी यावे. या दाराच्या कमानीत कडेने एक खोलगट पन्हळ कोरलेली आहे. एकाने कमानीच्या एका पायथ्याशी पन्हळीला तोंड लावून अगदी हलक्या आवाजात बोलावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या पायथ्याशी कान लावावा. आवाज इकडेतिकडे न पसरता पन्हळीतून दगडाच्या कडेकडेने वर चढतो आणि पलीकडे उतरतो, त्यामुळे कुजबुज शब्दन् शब्द ऐकू येते. मधोमध उभ्या असलेल्या माणसाला मात्र काहीच कळत नाही. लहान मुले बरोबर असतील, तर येथे अर्धा तास मोडणार हे गृहीत धरावे.

दुपारी नायसश्ट्रासेच्या उतारावरून खाली येताना तिसाव्या क्रमांकाच्या बरोक घरात शहराचे संग्रहालय लागते. त्यातले ओबरलाउझिट्झ या प्रदेशाच्या विद्वत्परिषदेचे जुने ग्रंथालय आवर्जून पाहावे. कपाटांच्या ओळी एकामागून एक कमानींसारख्या रचलेल्या आहेत आणि त्या भासामुळे छोटी जागा लांबच लांब वाटते. त्यानंतर नदीवरच्या खडकावर उभे असलेले पेटर्सकिर्शे हे चर्च आहे. त्यातला ऑर्गन एउजेनिओ कास्पारिनी याने घडवला आणि तो १७०३ मध्ये पूर्ण झाला. दर्शनी भागावर अनेक सूर्यमुखे आहेत आणि काहींभोवती पाइप किरणांसारखे लावलेले आहेत. दर्शनी रचना जुनी असली, तरी आतली यंत्रणा १९९७ मध्ये नव्याने बसवली गेली. या ऑर्गनचे छोटे वादन वर्षातल्या बऱ्याच काळात भर दुपारी होत असते. त्याचा दिवस आणि वेळ पर्यटन कार्यालयात विचारून बाकीचा क्रम त्याप्रमाणे बदलावा, इतके त्याचे मोल आहे.

पाय दुखत नसतील, तर जेरुसलेममधल्या येशूच्या पवित्र थडग्याची प्रतिकृतीही पाहावी. गेओर्ग एमेरिश हा येथला व्यापारी १४६५ मध्ये जेरुसलेमला जाऊन आला आणि त्यानंतर पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथल्या थडग्याची ही प्रतिकृती येथे उभी राहिली. जेरुसलेममधले मूळ बांधकाम १८०८ च्या आगीनंतर नव्याने झाले, त्यामुळे त्याचे जुने रूप आज ग्योर्लिट्झमध्ये अधिक चांगले कळते.

दुकाने मिटण्यापूर्वी रविवारचे पाणी, फळे आणि न्याहारीचे सामान घेऊन ठेवावे. रविवारी जर्मन बाजूला काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात, बाकी बहुतेक सर्व बंद असते. पोलंडमध्येही वर्षातले मोजके रविवार सोडले, तर मोठी दुकाने बंद ठेवण्याचा कायदा आहे. तेथे पेट्रोलपंपावरची आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी लहान दुकाने मात्र उघडी असतात.

संध्याकाळ आणि जेवण

शनिवारची संध्याकाळ पलीकडच्या तीरावर घालवावी. जुन्या शहराचा पूल मे १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला होता. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे येथे पूलच नव्हता. २००४ मध्ये, म्हणजे पोलंड युरोपीय संघात आला त्याच वर्षी, पादचारी पूल पुन्हा बांधला गेला. पुलाच्या एका टोकाला काळा-लाल-सोनेरी आणि दुसऱ्या टोकाला पांढरा-लाल सीमाखांब दिसतो. पेटर्सकिर्शेचे जोडमनोरे खडकासकट नजरेत मावतात ते पोलिश काठावरूनच.

शाकाहारी माणसाला येथे उपाशी राहावे लागत नाही, पण विचारावे जरूर लागते. ‘पिएरोगी रुस्किए’ ही बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरलेली उकडीची करंजी शाकाहारी असते, तरी तिच्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकण्याची पद्धत आहे. म्हणून ‘बेझ स्क्वारेक’ असे सांगावे. कोबी आणि अळंबीचे सारणही मिळते. ‘झुरेक’ हे आंबट सूप बहुधा सॉसेज घालूनच येते. जर्मन बाजूला उकडलेले बटाटे, क्वार्क म्हणजे चक्क्यासारखे ताजे चीज आणि जवसाचे तेल हा या प्रदेशाचा जुना, साधा आणि पूर्ण शाकाहारी पदार्थ आहे. मांस नको हे जर्मनमध्ये ‘ओने फ्लाइश’ आणि पोलिशमध्ये ‘बेझ मिएन्सा’ असे सांगता येते. मासे आणि अंडी चालतात की नाही, हे वेगळे सांगावे, कारण ते गृहीत धरले जात नाही.

रविवार: दोन पुलांची फेरी

रविवारी सकाळी याच पुलावरून पलीकडे जाऊन नदीकाठाने दक्षिणेकडे चालावे आणि दुसऱ्या पुलाने परत यावे. रमतगमत दोन-अडीच तास पुरतात. सुरुवातीला दाशिन्स्की रस्त्यावर याकोब ब्योमे याचे घर लागते. पेशाने चांभार असलेल्या या गूढवादी विचारवंताचे १६२४ मध्ये निधन झाले. घर आता पोलंडमध्ये आणि कबर जर्मनीतल्या निकोलाई दफनभूमीत, अशी त्याची वाटणी झाली आहे. नदीकाठच्या एका रस्त्याला ग्रीकांचे नाव आहे, कारण ग्रीसमधल्या यादवीनंतर १९४९ च्या सुमारास हजारो ग्रीक निर्वासित झ्गोझेलेत्समध्ये वसवले गेले होते. पुढे घुमटाची मोठी वास्तू दिसते, ते संस्कृतिभवन. ६ जुलै १९५० रोजी पूर्व जर्मनी आणि पोलंड यांच्यातला सीमा-करार येथेच झाला.

दुसऱ्या पुलाने ग्योर्लिट्झकडे परतताच उद्यानाजवळ पंधराव्या पूर्व रेखावृत्ताची खूण म्हणून बसवलेला दगड आहे. मध्य युरोपची प्रमाणवेळ या रेखावृत्तावर बेतलेली आहे. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंशांवर आहे, मधले साडेसदुसष्ट अंश अंशाला चार मिनिटे या हिशोबाने बरोबर साडेचार तास होतात आणि हिवाळ्यात घरी फोन करताना आपण मोजतो तो फरक हाच.

दुपारसाठी तीन पर्याय आहेत आणि त्यातला एकच निवडावा. ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन ४२० मीटर उंचीची लांडेसक्रोने टेकडी चढता येते. सायकल मिळाली, तर नदीकाठाने दक्षिणेला बेर्झडॉर्फर तलावावर जाता येते. लिग्नाइटच्या जुन्या खाणीत पाणी भरून तो तयार झाला आहे आणि उन्हाळ्यात तेथे पोहता येते. तिसरा पर्याय गंभीर आहे. झ्गोझेलेत्सच्या दक्षिणेला ‘श्टालाग ८-ए’ या युद्धकैद्यांच्या छावणीची जागा आणि स्मारक आहे. फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेस्सियां येथे कैदेत होता आणि त्याने रचलेले चौघांसाठीचे वाद्यसंगीत १५ जानेवारी १९४१ रोजी छावणीतच, कैद्यांसमोर, प्रथम वाजवले गेले. संगीताची आवड असणाऱ्याने टेकडी सोडून येथे जावे.

परतीची गाडी रात्रीची शेवटची धरू नये, तिच्या आधीची धरावी. रेल्वेऐवजी बस असेल, तर ती फलाटावर येत नाही, स्थानकाबाहेरच्या थांब्यावरून सुटते. गाडी पोलंडच्या बाजूने येणारी असेल, तर स्थानकावर किंवा डब्यात पोलीस कागदपत्रे पाहण्याचा संभव असतो. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावा.